प्राचार्यपद एकच, मग मुलाखत कुणाची?

प्राध्यापक भरतीत बिंदुनामावली असते. प्राचार्यांच्या खुर्चीपाशी ती थांबते. कॉलेजात प्राचार्य एकच, आणि एकाकी पद राखीव केले तर आरक्षण शंभर टक्के होते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात १९९८ साली ठरवले. मग सगळा खेळ मुलाखतीवर.

यूजीसीचे २०१८चे विनियम पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध मागतात. घरातला पहिला पदवीधरही आज तिथवर पोचतो. अडते ते पुढे. निवड समितीचा अध्यक्ष म्हणजे संस्थेच्याच नियामक मंडळाचा अध्यक्ष. मंडळातले आणखी दोघे त्यानेच नेमलेले. 'सगळ्यांना सांभाळून घ्याल ना?' हा प्रश्न कुणाला आणि नुसती ख्यालीखुशाली कुणाला, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना बरोबर कळते. बाबासाहेब १९३५मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले होते. 'नेतृत्वगुण कमी' हा शेरा तरी आपल्याच नावापुढे!

पण त्याच विनियमांत आणखी एक कलम आहे. अर्जदारांत एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील आणि समितीत त्या प्रवर्गाचे कुणी नसेल, तर कुलगुरूंनी तसा शिक्षणतज्ज्ञ नेमायचा. गुणांच्या तक्त्यासह इतिवृत्त बैठकीच्या दिवशीच पूर्ण करून सर्व सदस्यांनी सही करायची. तेव्हा मुलाखतीआधीच लेखी विचारा: आमच्या प्रवर्गाचा सदस्य कोण? आणि कॉलेज सरकारी अनुदानावर चालत असेल, तर निकालानंतर माहिती अधिकारात स्वतःचे गुण मागा.