दुःखातून आलेली श्रद्धा



“अडचणीत सापडला की माणूस धर्म बदलतो,” असे आपल्याकडे सहज बोलले जाते. अडचण होती म्हणून धर्म बदलला, म्हणजे तो बदल खरा नव्हे, असा त्यातला सूर असतो. हे बोलणे कानावर आले की मला पंडिता रमाबाई आठवतात. परक्या देशात, शिकवण्याचे काम करून पोट भरताना, दुःखाचे डोंगर पाठीवर घेऊन या बाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो बदल खोटा होता काय, हे त्यांच्या चरित्रावरूनच पाहू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून स्वजातीचा रोष ओढवून घेतला. पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव हिंडले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून नोंदणी विवाह केला. ब्राह्मणाची मुलगी आणि शूद्र मानलेल्या जातीचा नवरा! पण १८८२ मध्ये पटकीने तोही गेला. कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा उरली.

१८८३ साली त्या विलायतेला निघाल्या. प्रवासाला पैसा आणला तो स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून. डॉक्टर व्हावे असे मनात होते, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज गावी ख्रिस्ती सिस्टरांच्या आश्रमात त्या राहिल्या. भारतात कामाला येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचे आणि त्याबदल्यात राहायचे-खायचे, अशी सोय होती. सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली. परका मुलुख, परकी भाषा, लहान लेकरू आणि आधाराचे माणूस असे गेलेले. त्या दिवसांची कल्पनाच केलेली बरी.

या दुःखाने त्यांना दारापर्यंत आणले, हे खरे. पण आत नेले ते एका दृश्याने. सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक घर दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळून पुन्हा उभे केले जात होते. अशा स्त्रीला जवळ करणारा धर्म रमाबाईंनी आजवर पाहिला नव्हता. हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता पुढचे लक्षात घ्या. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्यापुढे बाईंनी मान तुकवली नाही. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकू लागल्या आणि तिथे संस्कृतही शिकवू लागल्या. भारतात येणाऱ्या तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ठणकावून कळवले की, मी पुरुषांना शिकवते याला माझ्या नवऱ्याचीही हरकत नव्हती. चर्चची जी शिकवण मनाला पटली नाही, तीवर त्यांनी पत्रांतून वाद घातला. मनोरमेला काय शिकवायचे यावरही सिस्टरांशी त्यांचे खटके उडाले. पोटासाठी विकत घेतलेले माणूस असे वागत नाही.

इकडे पुण्यात शास्त्रीपंडितांनी गदारोळ केला. अशा वेळी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली ती महात्मा जोतिराव फुले यांनी. त्यांनी दोष बाईंना दिला नाही. बाईला असे पाऊल उचलायला लावणाऱ्या धर्मव्यवस्थेला जाब विचारला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे बालवाडीचे शिक्षण घेतले. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची ही पद्धत. खेळ, गाणी आणि हातांचे काम यांतून मूल शिकते, त्याला छडी लागत नाही. ही विद्या घेऊन त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदासदन’ सुरू केले. ते प्रामुख्याने वरच्या जातीच्या विधवांसाठी होते, हेही सांगितले पाहिजे. पुढे दुष्काळात केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये सर्व जातींच्या निराधार बायका-मुलींना आसरा मिळाला. आणि गंमत पहा, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त भेटला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे श्रद्धा एका दिवसात उगवली नाही. दुःखात बी पडले, ते वाढले मात्र विचाराने आणि कामाने.

हे सारे आज सांगण्याला कारण आहे. आमच्या वस्तीतील एका ताईंची मुलगी परदेशात लहान मुलांच्या शाळेत शिकवते. आजारपणात तिथल्या चर्चच्या माणसांनी तिला सांभाळले. आता मला येशूमध्ये शांती वाटते, असे तिने घरी कळवले. ताई रडत म्हणाल्या, “भाऊ, आम्ही कुठे कमी पडलो?” नातेवाईक तर तिचे नावच टाकायला निघाले आहेत.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या आईवडिलांनी वा आजीआजोबांनी १९५६ साली विचार करून धर्म बदलला, त्यांनी तरी दुसऱ्याच्या विवेकावर कुलूप घालू नये. लेकीशी जरूर वाद घाला, आपला धम्म तिला समजावून सांगा. पण आधी चार गोष्टी विचारा: तू जेवतेस ना? पगार हातात मिळतो ना? कोणी बळजबरी करीत नाही ना? तुला प्रश्न विचारता येतात ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ती मुलगी वाया गेलेली नाही. आणि ‘नाही’ असेल, तर त्याच वेळी तिला माहेरच्या दाराची सर्वांत जास्त गरज आहे. ते दार आपण आज रागाने लावून घेतले, तर उद्या ती कोणाकडे जाईल?