गॅरेजचा आराखडा : सॉफ्टवेअर निवडण्याआधी टेप हातात घ्या



मालवण परिसरात आता बऱ्याच घरांसमोर चारचाकी दिसते. ती माडाखाली लावावी तर नारळ नाहीतर झावळ पडायची भीती, उघड्यावर ठेवावी तर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. मग खळ्याच्या कडेला किंवा जुन्या मांगराच्या जागी गॅरेज बांधायचं ठरतं. घरातलं नववी-दहावीतलं मूल लगेच मोबाईल पुढे करतं, "बाबा, यात थ्रीडी डिझाईन होतं." आणि पालक आपल्याला विचारतात, "सर, यातलं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?"

माझं मत असं : जे सॉफ्टवेअर आधी माप मागतं ते चांगलं. जे आधी रंग, फरशी आणि दिवे दाखवतं, त्याकडे नंतर वळावं. चित्र चुकलं तर पुसता येतं, चिऱ्याची भिंत पुसता येत नाही.

एक हिशोब करून बघू. करसवलतीमुळे आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात. ब्रेझा आणि नेक्सॉन या दोन्ही गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १३ फूट १ इंच. रुंदी आरसे सोडून साधारण १.८ मीटर, म्हणजे ५ फूट ११ इंच. आता गॅरेज बाहेरून १० फूट रुंद धरलं आणि भिंती ९ इंची असल्या, तर आत उरतात साडेआठ फूट. गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम साडेपंधरा इंच! दार उघडून उतरायचं कसं? चित्रात मात्र गाडी छान उभी दिसते, कारण भिंतीची जाडी कुणी भरलेलीच नसते.

तेच गॅरेज बाहेरून १२ फूट केलं तर आत साडेदहा फूट मिळतात. डाव्या भिंतीपासून एक फूट सोडून गाडी लावा, चालकाच्या बाजूला साडेतीन फूट राहतात. डावीकडची माणसं बाहेरच उतरतील. पण हे वाढलेले दोन फूट खळ्यातून जाणार. लांबी १८ फूट धरली तर ३६ चौरस फूट. त्याच जागेत आमसुलं, पापड, मिरच्या वाळत असतील, तर हा निर्णय एकट्या गाडीवाल्याचा नाही, घरातल्या सगळ्यांचा आहे.

आता सॉफ्टवेअरबद्दल. घर आणि शाळा दोन्हींसाठी मी 'स्वीट होम थ्रीडी' सुचवेन. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि एकदा संगणकावर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. पावसाळ्यात रेंज जाते तिथे हे महत्त्वाचं. भिंतीची लांबी-जाडी आकड्यांत भरता येते आणि वर आराखडा, खाली थ्रीडी असं एकाच वेळी दिसतं. 'स्केचअप'ची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते, छपराचा उतार वगैरे दाखवायला छान, पण तिला इंटरनेट लागतं आणि हात बसायला वेळ लागतो. फक्त सपाट नकाशा हवा असेल तर मोफत 'लिब्रेकॅड' पुरे. एका गॅरेजसाठी 'ऑटोकॅड' विकत घेणं म्हणजे उंदरासाठी तोफ. थ्रीडी वाईट नाही बरं का! ज्यांना नकाशा वाचता येत नाही, त्या आजीला खळं किती उरेल हे दाखवायला ते फार उपयोगी. फक्त ते मापांनंतर यावं.

स्वीट होम थ्रीडीमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरले की ऊन कुठून येईल ते दिसतं. पावसाची झड कुठून येईल ते मात्र त्यात दिसत नाही. आपल्याकडे ती समुद्राच्या बाजूने, नैर्ऋत्येकडून येते. तिकडे शटर ठेवलं तर पाणी आत आलंच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर अनेक घरांचे पत्रे, कौलं उडाली. छप्पर किती घट्ट हवं हे गवंडी आणि सुताराला विचारावं लागतं. जागा किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडचे नियम, शिवाय नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची परवानगी हेही आधी बघायचं.

शिक्षक म्हणून मला यात तयार पाठ दिसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणं सांगितलं आहे. त्यातला एक दिवस असा घेता येईल :

१. मुलांनी घरची जागा टेपने मोजावी. कारागीर फूट, इंच, सूत बोलतात (८ सूत म्हणजे १ इंच), पुस्तक मीटर बोलतं. दोन्हींत लिहावं.

२. आलेख कागदावर १:५० प्रमाणात काढावं. १८ फूट सुमारे ११ सेंटिमीटर होतात.

३. त्याच प्रमाणात पुठ्ठ्याची गाडी कापावी, ८ बाय ३.६ सेंटिमीटर. स्कूटर ३.७ बाय १.४. दोन्ही मावतात का, दार उघडतं का, सरकवून बघावं.

४. मगच संगणकावर बसावं.

गुणोत्तर, क्षेत्रफळ, एकक-रूपांतर सगळं यात येतं आणि उत्तर बरोबर की चूक हे गाडीच सांगते. पालकांनो, मुलाने सुंदर चित्र दाखवलं तर कौतुक जरूर करा. पण पुढचा प्रश्न हाच विचारा : "भिंत किती इंचाची धरलीस?" उत्तर आलं, तर सॉफ्टवेअर कुठलंही असो, मूल शिकलं म्हणायचं.