अलीकडच्या कादंबऱ्या आणि सीमेवरचा वाचक

एखाद्या कादंबरीला पुरस्कार मिळाला की तिच्याविषयी बोलणारे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक पक्ष तिला डोक्यावर घेतो, तर दुसरा न वाचताच ती दुर्बोध ठरवून मोकळा होतो. पुरावा न तपासता दिलेला निकाल आमच्या पेशाला मानवत नाही. म्हणून अलीकडच्या चार बहुचर्चित कादंबऱ्या आम्ही सलग वाचल्या. त्यांविषयीचे आमचे मत, कोणाची भीड न बाळगता, येथे नोंदवीत आहोत.

पहिली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी. धरणापायी उठलेले गाव, मागे रानात राहून रानटी झालेली म्हसरे आणि त्यांच्या ओढीने माघारी निघालेला देवाप्पा, एवढाच तिचा ऐवज. भूसंपादनाच्या दाव्यात आमच्यासमोर क्षेत्र, आकार आणि बाजारभाव येतात. १८९४ च्या कायद्याने बाजारभाव मोजला, १९८४ च्या दुरुस्तीने त्यावरील दिलासा रक्कम ३० टक्के केली आणि २०१३ च्या कायद्याने पुनर्वसनालाही कलमांत जागा दिली. परंतु माणसाचे जनावराशी आणि जनावराचे पाणवठ्याशी असलेले नाते लिहिण्यासाठी कोणत्याही निवाड्यात रकाना नाही. ही कादंबरी नेमकी तेथे उभी राहते. मध्यभागी तिचे कथन त्याच त्या वाटेने फिरत राहते, हा दोष आम्हांस जाणवला. तरीही चारांत श्रेष्ठ कोणती असे कोणी विचारल्यास आम्ही हिचेच नाव घेऊ.

दुसरी प्रवीण दशरथ बांदेकर यांची ‘उसवण’. हिला २०२२ चा अकादमी पुरस्कार लाभला. तयार कपडे बाजारात आले आणि कोकणातल्या गावशिंप्याचे यंत्र थंडावले, ही तिची कथा. धंदा बसतो तेव्हा केवळ मिळकत बुडत नाही. गावातले माणसाचे स्थान, सणासुदीचे येणेजाणे आणि घरातला शब्दाचा मान, सारेच टाक्याटाक्याने उसवत जाते. हे लेखकाने अस्सल जाणकारीने दाखविले आहे. मात्र काही ठिकाणी पात्रांच्या तोंडून लेखकच बोलू लागतो. वाचकाने जे आधीच ओळखले आहे ते त्याला पुन्हा समजावून सांगितले जाते, आणि तेथे कादंबरी ढिली पडते.

तिसरी रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९). खिलजीच्या काळापासून वर्तमानापर्यंतचा एका कुळाचा हा प्रचंड पसारा. कुलवृत्तांत म्हटला की वंशाच्या शुद्धतेचा डिंडिम अपेक्षित असतो. येथे उलट घडते: सरमिसळीतूनच कूळ घडते, असे लेखक सांगतो. ज्या भागात एकच दैवत कोणी खंडोबा तर कोणी मैलार म्हणून पूजतो, त्या भागातल्या वाचकाला हे सहज पटेल. तक्रार एवढीच की, वेगवेगळ्या शतकांतील निवेदकांचा आवाज आम्हांस पुष्कळदा एकसारखाच वाटला. शिवाय ग्रंथाचा विस्तार वाचकाच्या चिकाटीची परीक्षा पाहतो.

चौथी नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०१४). हिला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारा नजीकचा काळ तिने रंगविला आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. म्हणजे कादंबरीकाराने धोक्याची सूचना तीन वर्षे आधीच दिली होती. पात्रांपेक्षा विचार मोठे झाल्याने ती मनाला कमी भिडते. तरी वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने ती वाचावी, असे आमचे मत आहे.

आता मुद्दा भाषेचा. खोत आणि बांदेकर यांच्या लेखनातील बोली अवघड आहे, अशी कुरकूर आम्ही वरचेवर ऐकतो. प्रश्न असा की, अवघड कोणाला? पन्हाळ्याच्या परिसरातली बोली निपाणी-चिकोडीच्या वाचकाला परकी नाही. सावंतवाडीकडची बोली गोव्याच्या आणि खानापूरच्या वाचकाला कानाआड नाही. आमच्याकडे ‘काय करूलास?’ असे विचारतात, बायका ‘मी जातो’ म्हणतात, आणि त्याला कोणी अशुद्ध म्हटले की मुले शाळेत तोंड मिटून बसतात. बोली छापील पानावर सन्मानाने आली, तर आपल्या घरातली भाषाही मराठीच आहे, ही ग्वाही त्या मुलांना मिळते. आज सीमाभागातल्या कितीतरी घरांतली मुले कन्नड वा इंग्रजी माध्यमात शिकत आहेत. त्यांच्यापर्यंत मराठी पोहोचेल ती अशा पुस्तकांतून, ठरावांतून नव्हे.

हे लेखनात शक्य आहे, याचा दाखला आपल्याच भागात आहे. प्रकाश नारायण संत यांनी लंपनच्या कथांत कन्नडच्या शेजाराने घडलेली मराठी अशी काही वापरली की साऱ्या महाराष्ट्राने ती आपली मानली. पण त्या कथा होत्या, आणि त्यांचे विश्व एका मुलाचे होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर सीमाभागात जे घडले, त्याचे कागद २००४ च्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आहेत. मोर्चाला गेलेला बाप, दोन भाषांत सातबारा आणि उतारा हाताळणारी आई, नोकरीसाठी कन्नड शिकलेला मुलगा आणि त्या कन्नडवर मनापासून प्रेम करणारी सून, हे घर उभे करणारी मोठी मराठी कादंबरी मात्र आमच्या वाचनात आलेली नाही. दाव्याचा निकाल केव्हा लागेल, ते न्यायालयाच्या हाती आहे. ही कादंबरी लिहिणे आपल्या हाती आहे.

बेळगाव असो, म्हापसे असो वा इंदूर, बडोदे; जेथे मराठी वाचनालय अजून उघडे आहे तेथे या चारांपैकी एक तरी कादंबरी मागून घ्यावी, नसल्यास मागणीच्या वहीत तिचे नाव लिहावे आणि वाचून झाल्यावर आपले मत स्पष्टपणे मांडावे. आमचे मत पटले नाही, तरी हरकत नाही. मात्र प्रतिवाद करण्यापूर्वी कादंबरी वाचलेली असावी, एवढीच आमची अट आहे.