प्रयोग किती आणि देखावा किती?

१६५७ साली जर्मनीतील माग्देबुर्ग शहरात ओटो फॉन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल जुळवले, आतील हवा पंपाने काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपून ते ओढायला लावले. हवेचा दाब केवढा असतो, हे लोकांना कायमचे पटले. पण तुम्ही न्यूटनचा तिसरा नियम शिकला आहात. एका बाजूचे घोडे सोडून तो अर्धगोल भक्कम भिंतीला बांधला असता, तरी ओढ तेवढीच राहिली असती! म्हणजे निम्मे घोडे प्रयोगासाठी नव्हतेच. ते प्रेक्षकांसाठी होते.

ही गोष्ट आज संगणकाच्या संदर्भात आठवते. वेबसाइट उभारणारे दर वेळी पायापासून सुरुवात करीत नाहीत. ते एक तयार सांगाडा घेतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. असे सांगाडे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे कर्ते म्हणतात, ‘आमचाच घ्या.’ मग लोकांना पटवायचे कसे? नमुन्याचे अ‍ॅप बांधून आणि त्यावर भार टाकून!

‘फीनिक्स’ या फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी २०१५ साली हेच केले. त्यांनी गप्पांचे एक साधे अ‍ॅप घेतले आणि एकाच संगणकावर २० लाख जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवून दाखवल्या. त्या संगणकात ४० गाभ्यांची प्रोसेसर-शक्ती आणि १२८ गिगाबाइट स्मृती होती.

टाळ्या वाजवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. १२८ गिगाबाइट भागिले २० लाख, म्हणजे एका जोडणीच्या वाट्याला जास्तीत जास्त सुमारे ६४ किलोबाइट. हे खरोखरच काटकसरीचे काम आहे. पण उघडी जोडणी म्हणजे बोलणारी जोडणी नव्हे. त्या २० लाखांपैकी प्रत्येकाने एकच निरोप सर्वांना धाडला, तर पोचवायचे निरोप होतील ४ लाख कोटी! तेवढा भार पेलता येतो, असे त्या प्रयोगाने सिद्ध केले नाही आणि कर्त्यांचा तसा दावाही नव्हता.

मग हा नुसता देखावा होता का? माझे मत आहे, नाही. कारण संगणक कोणता आणि चाचणी कशी घेतली, हे त्यांनी उघड सांगितले. शिवाय भार वाढवताना त्यांना आपल्याच सांगाड्यातील अडलेल्या जागा सापडल्या. त्या त्यांनी दुरुस्त केल्या आणि त्या दुरुस्तीचा लाभ ते फ्रेमवर्क वापरणाऱ्या सर्वांना झाला. जाहिरात म्हणून केलेल्या कामातून ज्ञान निघाले, ते असे.

तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दिव्यांची उघडझाप करणारी कितीतरी मॉडेल्स असतात. प्रत्येकापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारा: काय मोजले? कोणत्या परिस्थितीत मोजले? आणि हे कुठे मोडते? शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गुण द्यावेत. आपले यंत्र कुठे थकते हे ज्याला ठाऊक असते, तोच ते सुधारू शकतो.

घोडे जरूर जुंपा. मात्र त्यांतले किती भिंतीच्या जागी उभे आहेत, हेही सांगा.