आकार म्हणजे ठिकाण नव्हे

सक्रिय दीर्घिकांच्या झोतांतले गॅमा किरण नेमके कुठे जन्मतात, या प्रश्नाचा निकाल लागला आहे असं ठासून सांगणारा एक पक्ष आहे. त्याचं म्हणणं असं: तेज मिनिटांत बदलतं म्हणून उगम लहान, आणि उगम लहान म्हणून तो कृष्णविवराला चिकटूनच. पहिली पायरी बरोबर. दुसरी नुसती उडी आहे. रावेरच्या बागेत केळीच्या घडाची जाडी मोजून तो बांधापासून किती लांब आहे हे कोणी सांगत नाही. पीकेएस 2155-304 या सक्रिय दीर्घिकेचं तेज जुलै 2006 मध्ये तीनेक मिनिटांत दुप्पट झालं, हा त्यांचा हुकमाचा एक्का. पण तिथल्या कृष्णविवराचं वस्तुमान शंभर कोटी सूर्यांएवढं धरलं, तर त्याची त्रिज्याच 300 कोटी किलोमीटर. ती ओलांडायला प्रकाशाला पावणेतीन तास लागतात. मग तीन मिनिटांची ही लय कृष्णविवराने दिली कशी? झोताच्या वेगामुळे काळ आकसलेला दिसतो, हे उत्तर तयार असतं. तो आकसतो झोताबरोबर धावणाऱ्या गोळ्यासाठी. जागेवर बसलेल्या कृष्णविवराच्या लयीला तो लागू नाही. म्हणजे ही लय झोताच्या पोटातच घडली. क्वेसार खरंच फार दूर आहेत का, या जुन्या वादातही झपाट्याने बदलणाऱ्या तेजावरून ते जवळच असल्याचा असाच घाईचा निष्कर्ष काढला गेला होता, आणि तो तोडला झोताच्या वेगानेच.

याहून मोठी अडचण शोषणाची. केंद्राभोवतीच्या वायुढगांतून अतिनील प्रकाश दाटलेला असतो. वीसेक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा गॅमा किरण त्यात शिरला, की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होऊन संपतो. तरीही जून 2010 मध्ये ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक गॅमा दुर्बिणींना पीकेएस 1222+21 या क्वेसारकडून 400 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण मिळाले, वर्णपटात कुठे शोषणाचा काप दिसला नाही, आणि तेज दहाएक मिनिटांत दुप्पट होत होतं. म्हणजे ते त्या ढगांच्या पलीकडूनच आले. जलद आणि दूर, दोन्ही एकाच वेळी! लांबवर झोत रुंदावतो, हा आक्षेप टिकत नाही. अख्खी रुंदी उजळावी लागत नाही, एक धागा पुरतो.

माझं म्हणणं एवढंच की उगम एक नाही. झोतात जिथे आघात-लहरी उठतात किंवा चुंबकीय रेषा तुटून जुळतात, तिथे कण वेग घेतात. एम87 या दीर्घिकेत 2008 साली गॅमा उसळीबरोबर रेडिओ गाभाही उजळला. तिथे केंद्राजवळचा दावा मला मान्य आहे. सेंटॉरस ए या दीर्घिकेत मात्र 2020 साली हेस गॅमा दुर्बिणींनी गॅमा किरण झोतालगत हजारो प्रकाशवर्षं पसरलेले दाखवले. लडाखमधल्या हानलेला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली 21 मीटरची मेस दुर्बीण नेमक्या त्या वीस-तीस गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या उंबरठ्यापासून पाहू शकते. प्रत्येक उसळीत तिने वर्णपटातला काप शोधावा. ठिकाण त्यावरून ठरवावं.