मागल्या वर्षीची कुंडली

पूर्वी लग्न ठरवताना आमच्या घरात कुंडल्या जुळवीत. आता मूल डॉक्टर व्हायचे म्हटले की कटऑफ जुळवतात. ‘नीट’चा निकाल लागला, ७२० पैकी आकडा हाती पडला, की पुंडलिकनगरात घरोघरी मागल्या वर्षीची यादी उलगडते. अमुक महाविद्यालय इतक्या गुणांवर बंद झाले, तमुक तितक्यांवर. वर बंद झाले ते थोर, खाली बंद झाले ते हलके! या ज्योतिषाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती फराळाला बसलेल्या आईबापांपुढेच मांडायची आहे. कारण ज्योतिषी तेच आहेत. मीही त्यांतलाच होतो.

यंदा नातीची यादी मीच करीत होतो. मुंबई-पुण्याची नावे वर मांडली आणि आमच्या शहरातले शासकीय महाविद्यालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, ते खाली ढकलले. नात म्हणाली, “आजोबा, शिकवणं कुठलं चांगलं, ते या यादीत कुठं लिहिलंय?”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. कुठेच लिहिलेले नव्हते.

कटऑफ म्हणजे काय हो? शेवटच्या जागेवर बसलेल्या मुलाचे गुण. ते त्या मुलाचे, महाविद्यालयाचे नव्हेत. गेल्या वर्षी लोकांनी जे वर लिहिले, ते वर बंद झाले. आणि ते वर बंद झाले म्हणून यंदा लोक ते वर लिहितात. याला निवड म्हणत नाहीत. मेंढरामागे मेंढरू म्हणतात. राज्याची ही सारी शासकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. परीक्षा एक, पदवी एक. मग फरक शोधायचा तो कुठे? वॉर्डात. बाह्यरुग्ण विभागात रोज रोगी किती येतात, अध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत की कागदावर आहेत, वसतिगृहात खोली मिळते का, साडेचार वर्षे आणि वर एक वर्ष आंतरवासिता यांचा खर्च किती, हे विचारा. २०२४ साली जालना, हिंगोलीसारख्या ठिकाणी नवी महाविद्यालये निघाली. तिथेही हेच प्रश्न घेऊन जा.

कुणी म्हणेल, म्हातारा मुलांना गावातच डांबू पाहतो. मुळीच नाही! १९५६ साली घाटीचे महाविद्यालय निघाले, त्याआधी इथल्या मुलाला डॉक्टर व्हायला हैदराबादची वाट धरावी लागे. पुढे प्रवेशातली ७०:३० ची प्रादेशिक अट आडवी आली. ती २०२० साली गेली, आणि मराठवाड्याने ती मागणी केली हे योग्यच झाले. पण दार उघडे असणे निराळे आणि गर्दीने दारातून ढकलले जाणे निराळे. जिला मुंबईच हवी, तिने खुशाल जावे. का जायचे, हे मात्र तिला ठाऊक असावे.

आणि धूर्तपणा तर इथे फुकटच जातो. वाटप गुणानुक्रमाने होते. आपली पाळी आली की आपल्या यादीत वरून खाली पाहत, आपल्याला मिळण्याजोगी पहिली मोकळी जागा दिली जाते. म्हणजे खरी आवड वर लिहिल्याने खालची जागा हुकत नाही. शेजारी काय म्हणतील म्हणून खोटी आवड वर लिहिली, तर मात्र तीच गळ्यात पडण्याची भीती.

नातीने माझी यादी बाजूला सारली, दोन वॉर्ड स्वतः पाहून आली आणि नवी यादी आपल्या हाताने भरली. तिला जागा कुठे मिळाली, हे मी सांगणार नाही. सांगितले, तर आपण लगेच तिथला कटऑफ विचाराल.

आमच्या वस्तीचे नाव घेतले की मला तो भक्त पुंडलिक आठवतो. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या त्या लेकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर तिष्ठत ठेवले. रोग्याच्या सेवेला निघालेल्या आपल्या लेकरांनी शेजाऱ्यांच्या कौतुकाला थोडे तिष्ठत ठेवले, तर काय बिघडले?