जुन्या फितींतील धांव

आरंभींच्या ऑलिंपिक सामन्यांचे मूकपट आतां कोणासही घरबसल्या पाहतां येतात. १९०८ चें लंडन, १९१२ चें स्टॉकहोम, १९२४ चें पॅरिस हीं तेथें जतन होऊन राहिलीं आहेत. ते पट पाहतांना मुलें हमखास हंसतात. धांवणारे तुरुतुरु पळतात, पंच बाहुल्यांप्रमाणें माना हालवितात. वडील मंडळीही त्या हंसण्यांत सामील होतात. हें हंसणें अस्थानीं कसें आहे, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राचा विचार करूं. त्या काळचा कॅमेरा हातानें फिरवावा लागे व सेकंदास सुमारें सोळा-अठरा चित्रें घेतलीं जात. पुढें बोलपट आला आणि चोवीस चित्रें हें प्रमाण ठरलें. सोळा चित्रांची फीत चोवीसच्या वेगानें फिरविली म्हणजे प्रत्येक हालचाल दीडपट वेगानें दिसते. धांवणारा मनुष्य तुमच्याआमच्यासारखाच धांवत होता. तुरुतुरु पळविलें त्यास यंत्रानें.

दुसरी गोष्ट भूमीची. तेव्हांच्या धांवपट्ट्या कोळशाच्या राखेच्या असत; पाऊस पडला कीं त्यांचा चिखल होई. ऑलिंपिकमध्यें कृत्रिम रबरी पट्टी आली ती १९६८ सालीं, मेक्सिको शहरीं. १९३६ च्या बर्लिन येथील सामन्यांत जेसी ओवेन्ससारखा धुरंधरही आरंभरेषेपाशीं लहानशा थापीनें खळगे खणून त्यांत पाय रोवीत असे. उंच उडी घेणारे वाळूंत उतरत. पाठीवर पडण्याची आजची पद्धति मऊ गाद्या आल्यावांचून कोण करूं धजता?

आतां आंकडे पाहूं. १९२४ सालीं पॅरिस येथें तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडीत धांवण्याची शर्यत, फिनलंडच्या विल्ले रिटोला यांनीं ९ मिनिटें ३३.६ सेकंदांत जिंकली. बरोबर शंभर वर्षांनीं, २०२४ सालीं, त्याच नगरींत त्याच शर्यतीच्या अंतिम फेरींत आमच्या पाटोद्याशेजारच्या आष्टी तालुक्यांतील मांडव्याचे अविनाश साबळे ८ मिनिटें १४.१८ सेकंदांत आले. त्यांचा क्रमांक अकरावा होता! अडथळ्यांचे नियम सर्वत्र एकसारखे ठरले ते १९५४ सालीं, तेव्हां ही तुलना तंतोतंत नव्हे. तरी अकरावा मनुष्य जुन्या विजेत्याच्या एक मिनिट एकोणीस सेकंद आधीं पोहोंचतो, हें विचार करण्यासारखें आहे. शंभर वर्षांत मनुष्याचीं हाडें बदलत नाहींत. बदलली ती भूमि, पादत्राणें, आहार, शिक्षण आणि मोजणी. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें साबळे यांचें सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें. रिटोलांच्या काळचीं पंचांचीं घड्याळें सेकंदाचा पांचवा हिस्सा दाखवीत. त्यांस हा फरक दिसलाच नसता.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे पारखणारी दृष्टि. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनीं अनवाणी धांवणारे शेतकरी पाहिले व त्यांची योग्यता ओळखली. त्यांच्या खटपटीनें पुढील वर्षीं अँटवर्प येथें हिंदी खेळाडू गेले, आणि बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. साबळे लहानपणीं सहा किलोमीटरांवरील शाळेंत पायीं जात. पण त्यांची धांव खऱ्या अर्थानें पारखली गेली ती महार रेजिमेंटमध्यें भरती झाल्यावर. साताऱ्याकडील माण तालुक्याच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें याच शर्यतीच्या अंतिम फेरींत दहाव्या आल्या. अशा पायांची आपल्या कोरडवाहू मुलखांत वाण नाहीं. त्यांकडे पाहणारा कोणी नसतो, एवढेंच.

आणि येथें आमच्या सुशिक्षित घरांस दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. परीक्षा जवळ आली कीं व्यायामाचा तास गणितास दिला जातो, आणि पालक त्याबद्दल शाळेचे आभारच मानतात. पहाटे मोटारींच्या वाटेंतून जीव सांभाळून डांबरी सडकेवर पळणारे तरुण सैन्याच्या वा पोलिसांच्या भरतीसाठीं पळतात. तें काम आपल्या मुलांचें नव्हे, असें आपण मनांत धरून बसलों आहों. वास्तविक प्रत्येक मोठ्या गांवास चारशें मीटरांची एक सपाट मातीची पट्टी, एक घड्याळ, आणि दर आठवड्यास मुलांमुलींच्या वेळा वहींत टिपून ठेवणारा एक मनुष्य, एवढें पुरे आहे. पट्टीसाठीं ग्रामसभेंत व नगरपंचायतींत आग्रह धरावा लागेल. वही मात्र कोणाही सेवानिवृत्तास उद्यां सकाळींच उघडतां येईल.